मोडीच्या भावात ऊब

भंगारवाल्याच्या काट्यावर बंब चढवण्याआधी त्यातली जाळी काढतात. जाळी लोखंडाची, तिचा भाव वेगळा. मग तोटी पिळून काढतात, ती पितळेची. बंब उपडा करून राख झटकतात, आत पाणी राहिलंय का पाहतात, आणि उरलेलं तांबं तोलतात. क्षाराची, काजळीची घट धरतात. सौदा एवढ्यात आटोपतो. हा बंब किती वर्षं चालला, अजून किती चालेल, पहाटे किती बादल्या पाणी देतो, हे काट्यावर कोणी मोजत नाही.

यंदाच्या अंकाचा विषय ‘ऊब’, असं संपादकांनी कळवलं. लोकरी कपडे, गोधड्या, आजीची माया यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. मला विस्तवाच्या उबेबद्दल लिहायचं होतं, आणि तेही विकत घेण्याच्या बाजूनं. थंड देशांत लोक घर तापवायला लाकडाचा जुना स्टोव्ह पारखून विकत घेतात. आपल्याकडे घर तापवायची गरज फारशी पडत नाही. आपण माणूस तापवतो, पहाटेच्या आंघोळीच्या पाण्यानं. त्यामुळे आपला लाकडाचा स्टोव्ह म्हणजे बंब. आणि जुना बंब शोधायचा तर भंडारा जिल्ह्याइतकी योग्य जागा मला दिसली नाही. पितळी भांड्यांचं गाव ही भंडाऱ्याची जुनी ओळख. भोवती धानाची शेती, पलीकडे जंगल. म्हणजे धातू, जळतन आणि थंडी तिन्ही एका ठिकाणी. म्हणून लाखनी गाठली.

मंडईचे दिवस

लाखनी हे भंडारा आणि साकोली यांच्यामधलं तालुक्याचं गाव. मुंबई–कोलकाता महामार्ग गावातूनच जातो. आता त्यावर उड्डाणपूल झालाय आणि जड वाहनं वरून निघून जातात. पुलाखाली मात्र गाव आपल्या चालीनं चालतं. सकाळी चहाच्या टपऱ्या, समर्थ महाविद्यालयाकडे निघालेली पोरं, धानाची पोती लादलेले ट्रॅक्टर.

इथली थंडी दिवाळीबरोबर येते. भाऊबीजेपासून पुढे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा दंडार हे लोकनाट्य, रात्री झाडीपट्टीचं नाटक. नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि लोक चादरी, ब्लँकेटं पांघरून उघड्यावर बसतात. मंडपाच्या कडेला शेकोट्या पेटतात. धान कापून झालेला असतो, बांध्या रिकाम्या होऊ लागतात, आणि ओलसर शेतांवर सकाळी धुकं बसतं. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून वारा सुटला की पूर्व विदर्भात पारा भराभर उतरतो. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला किमान तापमान ३.५ अंशांवर गेलं होतं. त्याआधीचा नीचांक ७ जानेवारी १९३७ चा, ३.९ अंशांचा. गोंदिया तर दर हिवाळ्यात विदर्भातल्या सर्वांत थंड गावांच्या यादीत असतंच, आणि लाखनी त्याच पट्ट्यातली.

या थंडीचा त्रास घरात बसून कमी होतो, पण आंघोळीला चुकत नाही. बोअरचं ताजं पाणी कोमट लागतं. तेच पाणी स्लॅबवरच्या प्लास्टिकच्या टाकीत रात्रभर राहिलं की सकाळी हाताला बोचतं. पूर्वी विहिरीतून पहाटे काढलेलं पाणी थेट अंगावर घेणारी माणसं होती. टाकी आल्यापासून पाणी तापवायची गरज वाढली, हे मला इथं फिरताना पहिल्यांदा ध्यानात आलं.

बंब चालतो कसा

बंबाची रचना साधी आहे आणि विचारपूर्वक केलेली आहे. बाहेर तांब्याचं उभं पिंप. त्याच्या मधोमध खालून वर गेलेला नळा. नळ्याच्या तळाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राखेसाठी जागा आणि वारा आत यायला दार. लाकडं नळ्यात वरून टाकायची. पाणी नळ्याच्या भोवती, म्हणजे आग पाण्याच्या पोटात. चुलीवर गंज, म्हणजे पातेलं, ठेवला की जाळ गंजाच्या बाजूंनी निसटून जातो. इथं जाळाला पाण्याच्या भिंतीतूनच वर जावं लागतं. गरम हवा वर चढते, ती खालून ताजी हवा ओढून घेते, आणि एकदा पेट घेतला की फुंकणीची गरज राहत नाही. रशियातला समोवार याच तत्त्वावर चालतो.

पाणी काढायच्या दोन तऱ्हा दिसतात. एकात तोटी खालच्या अंगाला असते, पण अगदी तळाशी नाही, चार बोटं वर. ही चार बोटं फार मोलाची. तोटीतून पाणी यायचं थांबलं तरी तेवढं पाणी आत उरतं आणि नळ्याचा तळ कोरडा पडत नाही. दुसऱ्या तऱ्हेत वरच्या नरसाळ्यातून थंड पाणी ओततात, ते आतल्या नळीनं तळाला जातं, आणि तेवढंच गरम पाणी वरच्या तोंडातून बाहेर पडतं. गरम पाणी हलकं, ते वर राहतं. थंड जड, ते खाली बसतं. यात बंब कधी रिकामा होऊच शकत नाही. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतील आणि बंबाकडे कुणाचं सतत लक्ष नसेल, तर मी ही दुसरी तऱ्हाच घ्यावी म्हणेन.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पाच माणसांचं घर, माणशी २० लिटरची बादली, म्हणजे १०० लिटर पाणी. ते १८ अंशांवरून ४३ अंशांवर न्यायचं तर जवळपास ३ युनिट विजेइतकी उष्णता लागते. गॅसच्या शेगडीची निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं, तर रोज ४५० ग्रॅमच्या आसपास गॅस. १४.२ किलोचा सिलिंडर महिन्याभरात नुसत्या आंघोळीत संपतो. स्वयंपाक वेगळा. गावातल्या एका आजींनी हाच हिशेब मला एका वाक्यात सांगितला: “गॅसवर पानी तापवलं तर सिलिंडर पंधरा दिवसांत आटोपते जी.” त्यांच्या घरी स्वयंपाक गॅसवर होतो आणि पाणी घरामागच्या सांदवाडीतल्या बंबात तापतं. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली, गॅस घरोघरी पोचला, पण आंघोळीचं पाणी बहुतेक घरांत लाकडावरच राहिलं. यात मागासलेपण पाहणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा.

लाकडाच्या उष्णतेतली एक-तृतीयांश पाण्यात उतरली असं मानलं, तर त्याच शंभर लिटरना दोन-अडीच किलो सुकं लाकूड पुरतं. शेताच्या धुऱ्यावरच्या तुराट्या, बाभळीच्या छाटलेल्या फांद्या यांतून ते निघतं.

आगीची बाजू पाहा

जुना बंब विकत मिळतो तो तीन ठिकाणी. ज्याच्या घरी सोलर किंवा गिझर आला त्याच्याकडे, भांड्यांच्या दुकानात, जिथं लोक मोड देऊन नवं स्टील नेतात, आणि भंगारात. भंगारात तो फार दिवस टिकत नाही. गाडी भरली की माल पुढे नागपूरकडे जातो आणि वितळतो. त्यामुळे थंडीच्या तोंडावर गेलात तर निवड मिळते, जानेवारीत गेलात तर उरलंसुरलं.

मी पाहिलेल्या भंगाराच्या वाडीत पंख्यांच्या मोटारी, सायकलींचे सांगाडे, बॅटऱ्यांचे खोके यांच्या पलीकडे, तांब्या-पितळेचा वेगळा कोपरा होता. गुंडी, घागरी, परात, एक घंगाळ आणि बंब. मालकानं पहिला प्रश्न विचारला, “वापरायला घेता का जी, की शोभेला?” वापरायला, म्हटल्यावर त्यानं स्वतःच एक बाजूला सारला. “हा नका घेऊ. नळा गेला याचा.” बाहेरून तो सगळ्यांत चकचकीत होता.

बंबाचं म्हातारपण आतून येतं, आणि नव्वद टक्के खरेदीदार बाहेरून पाहतात. बाहेरच्या पत्र्याला फक्त पाणी आणि हवा लागते. तो शंभर वर्षंही टिकेल. झिजतो तो आगीच्या बाजूचा पत्रा. एका अंगाला जाळ, दुसऱ्या अंगाला पाणी, रोज तापणं, रोज निवणं, त्यात जाळी लावता-काढताना होणारे घाव. म्हणून बंब उचलून पाणी ओतायचं तोंड उन्हाकडे धरायचं, नळ्याच्या तोंडाभोवती हातांचा आडोसा करून नळ्यात अंधार करायचा, आणि नळ्याच्या तोंडातून त्याच्या भिंतीकडे नीट पाहायचं. मग उलटं, तोंडातून आत डोकावत नळ्यात टॉर्च फिरवायचा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी प्रकाशाचा ठिपका दिसतो. जाळीच्या वरची वीतभर जागा सर्वांत नाजूक, तिथं जास्त वेळ द्यावा.

यानंतर सांधे. तांब्याचे पत्रे जोडतात ते पितळेच्या झाळेनं. टाकणखार लावून, भट्टीत तापवून. ही झाळ पिवळसर रेघेसारखी दिसते आणि चांगला तापही सोसते. नंतर कुणी ठिगळ लावलं असेल तर ते बहुधा कथील-शिशाच्या डागाचं असतं, पांढुरकं, राखाडी, बोटाला उंचवटा जाणवणारं. असा डाग वाईटच असं नाही. पलीकडून पाणी असेल तोवर पत्रा पाण्यापेक्षा फार तापत नाही आणि डाग टिकतो. पण शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं मिसळलेलं त्याच्याही आधी. एकदा बंब कोरडा पेटला की डाग मेणासारखा वाहून जातो. नळ्यावर असे दोन-तीन डाग दिसले तर समजावं, बंब आधी कोरडा जळला आहे, आणि तो घेऊ नये. शिसं मिसळलेला डाग असेल त्या बंबातलं पाणी पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी तर मुळीच वापरू नये. कल्हई नसलेल्या तांब्याचं गरम पाणी तसंही पोटात जाऊ नये, बंब आंघोळीचाच.

बोटाच्या पेरानं बाहेरून वाजवून पाहायचं. स्वच्छ तांबं खणखणतं. आत क्षार बसला असेल तर आवाज बद्द येतो. बोअरच्या जड पाण्यानं वर्षानुवर्षं चुन्याचा पांढरा थर धरतो. तोटीत बोट घालून खरवडलं की कळतं. याची भीती बाळगू नये. लिंबाचं फूल किंवा चिंचेचं पाणी कढत करून रात्रभर ठेवलं की थर सुटतो. एक सावधगिरी मात्र हवी. थर काढल्यावर काही वेळा त्याच्याखाली दडलेलं भोक उघडं पडतं, म्हणून थर काढून, पाण्याची चाचणी घेऊन, मगच पैसे पुरे करण्याचं ठरवून घ्यावं. मला भेटलेल्या विक्रेत्यानं एका रात्रीची मुदत बिनतक्रार दिली. बंब काठोकाठ भरायचा, कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवायचा आणि सकाळी कागद पाहायचा. कागद खोटं बोलत नाही.

जाळी बहुतेकदा नसते. तिच्यासाठी अडून बसू नका; लोहाराकडे माप दिलं की लगेच मिळते. मात्र ती नळ्याला न खुपसता, खालच्या कडीवर टेकायला हवी. तोटीचा आटा झिजला असेल तर नवी तोटी बसते, पण तोटीच्या मुळाशी असलेला सांधा हलत असेल तर झाळकाम लागेल. कड्यांचे रिव्हेट पाहा. भरलेला बंब उचलायचा नसतो, तरी लोक उचलतात आणि तिथून गळती सुरू होते.

तांबं उष्णता फार चांगली वाहून नेतं म्हणून तांब्याचाच बंब हवा, असं सगळे सांगतात. गोष्ट खरी, पण अर्धीच. तांबं स्टीलपेक्षा कितीतरी पटीनं उष्णता वाहतं, मात्र पत्रा इतका पातळ असतो की त्यानं पाणी तापायला लागणाऱ्या वेळात फार फरक पडत नाही. फरक पडतो तो नळ्यातल्या काजळीनं आणि पाण्याकडच्या क्षारानं. काजळी दर आठवड्याला काढणाऱ्याचा जस्ती पत्र्याचा बंब, काजळी न काढणाऱ्याच्या तांब्याच्या बंबाला मागे टाकेल. तांब्याचं मोठेपण दुसरीकडे आहे. ते गंजत नाही, ठोकून सरळ होतं, झाळून जोडलं जातं, आणि शेवटी मोडीतही पैसे देतं. जस्ती पत्रा दोन-चार वर्षांत सडतो आणि त्याला हात लावायला कोणी तयार होत नाही.

हात लावणारे कोण उरलेत, हा खरा प्रश्न. भंडाऱ्यात कासारांच्या घरांतून हातोड्याचा आवाज यायचा, तो स्टील आल्यावर कमी कमी होत गेला. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीचीही तीच गत. तिथले कारागीर आता मठारकामाच्या शोभेच्या वस्तूंवर पोट भरतात. नळा बदलणं हे झाळकामातलं कठीण काम. ते करणारा माणूस आधी शोधा आणि मग दुरुस्तीचा बंब घ्या. उलट क्रमानं गेलात तर घरात तांब्याचं पिंप पडून राहील.

भाव कसा ठरतो

विकणारा भाव सांगताना ‘आजच्या मोडीचा भाव’ म्हणतो आणि मोबाइल दाखवतो. तो दर खरंच जगाच्या बाजाराला बांधलेला आहे. मे २०२४ मध्ये लंडनच्या धातूबाजारात तांबं टनाला ११,००० डॉलरच्या वर गेलं. विजेच्या तारा, विजेवरच्या गाड्या, डेटा सेंटरं यांना तांबं लागतं, आणि त्या मागणीपोटी लाखनीतल्या सांदवाडीतला बंब भट्टीत जातो. भाव चढला की भंगारवाले गल्लोगल्ली फिरतात, आणि पैशांची नड असलेलं घर पहिलं भांडं बंबाचंच काढतं. तो घरातला वजनानं सर्वांत मोठा आणि वर्षातले आठ महिने अडगळीत असलेला.

घेणाऱ्यानं काही गोष्टी पाहाव्यात. तोलताना जाळी, लोखंडी पाय आणि तोटी बाहेर आहेत ना? तोटी तांब्याच्या भावात तोलली तर तिचा जास्त पैसा जातो. क्षार जाड असेल तर तोही तांब्याच्या भावानं तुमच्या गळ्यात पडतो; त्याची घट मागायचा हक्क तुमचा आहे. मोडीच्या भावावर थोडी रक्कम चढवून देणं मला रास्त वाटतं, कारण विक्रेत्यानं वापराजोगा बंब निवडून ठेवला, भट्टीत घातला नाही. मोडीच्या दुपटीनं मागत असेल तर तो शोभेच्या गिऱ्हाईकाचा भाव. हॉटेलवाले आणि शहरी घरं सजवणारे तो देतात. वापरणाऱ्यानं देऊ नये.

पावती घ्या. तांब्याच्या चोऱ्या होतात. शेतातल्या मोटारींच्या तारा, देवळांच्या घंटा. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून किंवा तशी शंका घ्यायला जागा असून घेणारा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली येतो. विक्रेत्यानं पावतीवर त्याचं नाव-पत्ता आणि वस्तूचं वर्णन लिहून द्यायला कुरकुर केली, तर तिथून उठावं.

त्या वाडीतल्या एका बंबावर टिंबा-टिंबांनी नाव कोरलेलं होतं. लग्नात मामाकडून भाचीला भेट, असा मजकूर आणि खाली साल. साल अर्धं घासून गेलं होतं. ज्या घरातून हा आला त्यांना नाव दिसलं नसेल असं नाही. विकताना माणूस अशी नावं वाचत नाही, वाचली तर विकता येत नाही. मी तो बंब पारखायला मागितला. आतून धड होता.

जळतन

बंबाला बारीक, सुकं लाकूड लागतं. मनगटाएवढं जाड, हातभर लांब. याहून जाड घातलं तर नळा तुंबतो आणि धूर खालून बाहेर येतो. धावडा सगळ्यांत चांगला जळतो, निखारा धरतो. बाभूळही तशीच. पळस धूर फार करतो. पण धावडा आणायचा म्हणजे जंगलात जायचं, आणि ते आता साधं राहिलेलं नाही. नवेगाव–नागझिऱ्याला २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वाघ वाढले, आणि सरपणाला, मोहफुलांना, तेंदूपत्त्याला जाणाऱ्या माणसांची त्यांच्याशी गाठ पडू लागली. सीटी-१ नावानं ओळखला गेलेला वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडशाजवळ पकडला, तोवर गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांत त्यानं १३ माणसं मारली होती. मोळीची किंमत पैशांत धरणाऱ्यांना हे दिसत नाही. मोळी आणायला जाते ती बहुतेक वेळा घरातली बाई.

शेतातलं जळतन सुरक्षित, आणि धानाच्या मुलखात ते भरपूर. धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर इथले शेतकरी तूर लावतात. तूर काढल्यावर तुराट्या उरतात; त्या भुरुभुरु पेटतात, लगेच विझतात, पण बंब पेटवायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. तणस मात्र बंबात घालू नये, ती जनावरांची, आणि तिची राख नळा भरून टाकते.

राईस मिलचा भुसा हा वेगळा मामला. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा भुसा निघतो. जळतो चांगला, पण वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढी राख मागे ठेवतो आणि बंबात दाटून बसतो, वारा कोंडतो. त्याच्यासाठी वेगळी शेगडी करतात. तेलाचा रिकामा डबा घ्यायचा, खाली बाजूला भोक पाडायचं, त्यातून एक दांडा आणि वरून एक दांडा आत धरून भोवती भुसा घट्ट दाबायचा, मग दांडे अलगद काढून घ्यायचे. आत कोपरा वळलेली पोकळी राहते. खालच्या भोकातून पेटवलं की ती तासन्‌तास एकसारखी जळते. पूर्वी मिलमधून भुसा फुकट मिळायचा; आता उकड्या तांदळाच्या मिलींच्या बॉयलरला आणि वीटभट्ट्यांना तोच लागतो, त्यामुळे त्यालाही भाव आला.

खोलीत विस्तव नको

हे मला सगळ्यांत ठासून सांगायचं आहे. बंब असो, शेगडी असो, भुशाचा डबा असो, तो घराबाहेर, सांदवाडीत, छपराखाली, चारी बाजूंनी मोकळ्या जागेत ठेवावा. घरातल्या चुलींच्या आणि इंधनांच्या धुरानं जगात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. धूर दिसतो म्हणून त्यापासून माणूस दूर तरी सरकतो. निखाऱ्याचा धूर दिसत नाही. लाकूड जळून लाल निखारे झाले की लोकांना वाटतं आता धोका गेला, आणि थंडीच्या रात्री ती शेगडी खोलीत आणून दार लावून झोपतात. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

जुन्या घरांत हे कमी घडायचं, त्याला कारण होतं. मातीच्या भिंती, वर कवेलू, कवेलूंच्या फटींतून हवा खेळायची. आता स्लॅबची खोली, घट्ट बसणाऱ्या खिडक्या, दाराखाली पायपुसणं. घर बदललं आणि शेगडी तीच राहिली. घरात लहान बाळ किंवा बाळंतीण असेल तर शेकायची शेगडी ओसरीवर ठेवावी, अंग शेकून झालं की माणूस आत यावा, शेगडी बाहेरच राहावी.

थंड देशांनी हा प्रश्न धुराड्यानं सोडवला. काश्मिरातली बुखारी पत्र्याच्या नळीनं धूर छपराबाहेर नेते. अमेरिकेत १९८८ पासून लाकडावरच्या नव्या स्टोव्हांना धुराची मर्यादा आहे. २०२० पासून ती तासाला २ ते २.५ ग्रॅम कणांपर्यंत खाली आणली. तिथल्या ओरेगन राज्यात ऑगस्ट २०१० पासून घर विकताना प्रमाणपत्र नसलेला जुना स्टोव्ह काढून टाकावा लागतो. जुना स्टोव्ह घेणारा तिथला माणूस आधी मागच्या बाजूची प्रमाणपत्राची पाटी वाचतो. आपल्याकडे १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ मध्ये बंद झाला; पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनं शेतातल्या पाल्यापाचोळ्यापासून कोळसा आणि चांगल्या शेगड्या करून दाखवल्या. चुलीचा एवढा विचार झाला, पण माझ्या नजरेस बंबाचा असा विचार आलेला नाही. खरं तर बंबात सुधारणा करणं सोपं आहे. नळ्याच्या तोंडावर हातभर उंच धुराडं चढवलं आणि राखेचं दार पुरेसं मोकळं ठेवलं, तर ओढ वाढते, धूर कमी होतो आणि उरलेला तोंडाच्या वरून निघून जातो. लोहाराच्या अर्ध्या दिवसाचं काम.

पेटवायची रीतही तेवढीच महत्त्वाची. आधी पाणी, मग विस्तव. हा क्रम कधीही उलटू नये. पाणी भरलं का, हे झाकण उघडून डोळ्यांनी पाहावं, अंदाजानं नाही. लाकूड कोरडं असावं. पावसात भिजलेल्या लाकडाची बरीच आग स्वतःला सुकवण्यात जाते. पहिल्या बादलीनंतर लगेच तेवढं पाणी पुन्हा घालावं. नरक चतुर्दशीला पहाटे अख्खं घर एकामागून एक आंघोळीला उभं राहतं, त्या गडबडीत बंब कोरडा पडण्याचं प्रमाण जास्त, असं मला झाळकाम करणाऱ्या एका कारागिरानं सांगितलं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात त्याच्याकडे दुरुस्तीचं काम येतं. त्या पहाटे एका माणसाला पाण्यावर नेमून द्या.

विकणाऱ्यांना

घरात बंब पडून असेल आणि तो काढायचं ठरलं असेल, तर माझी एक विनंती आहे. भंगाराची गाडी दारात येण्याआधी तो एकदा भरा, रात्रभर कागदावर ठेवा. ठिबकला नाही, तर गल्लीत, नात्यात, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारा: वापरायला बंब हवा का? मोडीच्या भावातच द्या, एक रुपया कमी घेऊ नका. गॅस न परवडणारं, सांदवाडी असलेलं, शेतातलं जळतन असलेलं एखादं घर नक्की मिळेल. तुमचे पैसे तेवढेच येतील आणि त्या घराची पुढची वीस-पंचवीस वर्षांची आंघोळ सुटेल. देताना जाळीही द्या, आणि तो आधी कधी कोरडा जळला असेल तर तेही सांगा. नळा फुटलेला असेल, तर मात्र तो मोडीतच घाला.